फ्रेंच ओळख थेट मराठीतून शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देण्याच्या फ्रेंच वाक्यांच्या याद्या अधूनमधून छापून येतात. त्या बहुधा इंग्रजीवरून उतरवलेल्या असतात. मराठी वाचकाला त्याच्याच भाषेतून जे फुकट मिळालं असतं, ते त्यात हातचं जातं.

'मी डॉक्टर आहे' म्हणताना आपण 'एक' घालत नाही. फ्रेंचही घालत नाही : 'झ स्वी मेदसँ'. इंग्रजीमार्गे आलेला विद्यार्थी मात्र हमखास मध्ये 'अँ' घुसडतो. 'मी आलो', 'मी आले' हा भेद आपल्या जिभेवर आहेच. तसंच 'मी भारतीय आहे' यासाठी पुरुष 'झ स्वी अँद्यँ' म्हणतो आणि स्त्री 'अँद्येन', तिच्या उच्चारात शेवटचा न् स्पष्ट. 'भेटून आनंद झाला' यासाठीचं 'आँशाँते' दोघंही सारखंच उच्चारतात. फक्त लिहिताना स्त्रीसाठी शेवटी एक अक्षर वाढतं.

पण मराठी दगा देते ती आदरार्थी बहुवचनात, आणि याबद्दल कुठलीच यादी सावध करत नाही. 'हे माझे सर, ते डॉक्टर आहेत' असं मनात जुळवून मुलं 'इल सों मेदसँ' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बरेच डॉक्टर आलेत! तिसऱ्या व्यक्तीला फ्रेंचमध्ये आदराचं बहुवचन नाही. 'से मों प्रोफेसर, इले मेदसँ' हेच बरोबर आणि पुरेसं आदराचं. आदर फक्त समोरच्याला, 'वू' म्हणजे 'तुम्ही' म्हणून. तिथेही आपला हिशेब चालत नाही : अनोळखी प्रौढाला 'वू', पण स्वतःच्या आजोबांना बहुतेक घरांत 'त्यु', म्हणजे 'तू'. शंका असेल तर 'वू'ने सुरुवात करावी. 'त्यु'वर यायचं असेल तर समोरचा 'ऑँ स त्युत्वा?' असं विचारतो.

वयाचंही तसंच. 'मी वीस वर्षांचा आहे' यातला 'आहे' फ्रेंचमध्ये नेऊ नये. तिथे वर्षं 'असतात' : 'झे व्हँताँ', म्हणजे माझ्याकडे वीस वर्षं आहेत.

ओळख करून देताना 'झ वू प्रेजाँत' आणि पुढे नाव; मित्रमंडळींत 'व्वासी' आणि नाव एवढंच चालतं. त्याआधी 'बोंजूर' हवंच, नाहीतर माणूस अंगावर आल्यासारखा वाटतो.

उच्चारांबद्दल थोडं सविस्तर, कारण याद्या इथेच सर्वांत हलगर्जी असतात. 'झ मापेल' (माझं नाव...) यातला झ 'झाड'चा नाही, 'झेंडा'चाही नाही. लांब 'श्श्श' म्हणत राहावं, गळ्यावर बोट ठेवावं आणि जीभ न हलवता कंठ घुमवावा. बोटाला कंप जाणवला की तोच तो ध्वनी. 'त्यु'साठी तोंडात 'ई' धरून फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे. एरवी मुका असलेला 'वू'चा शेवटचा स् पुढे स्वर आला की 'जमीन'मधला ज होतो : 'कोमाँ वू जापले वू?' (तुमचं नाव काय?) हे तुटक म्हटलं तर फ्रेंच माणूस दोनदा विचारतो. वरच्या फ्रेंच शब्दांत चंद्रबिंदू किंवा अनुस्वार दिलेल्या जागी न् उच्चारायचा नाही, हवा नाकातून सोडायची.

आपल्या पुरवणीत अशी वाक्यं पुन्हा छापताना शेजारी इंग्रजीऐवजी मराठी वाक्य द्यावं, आणि प्रत्येक वाक्यापुढे ते 'वू'चं की 'त्यु'चं, पुरुषाचं की स्त्रीचं, एवढं तरी नोंदवावं, ही विनंती.

आपली,
एक फ्रेंच शिक्षिका