रॉसी थोर खराच, पण माप कोणते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इटलीचा मोटरसायकल शर्यतपटू व्हॅलेंटिनो रॉसी १४ नोव्हेंबर २०२१ला व्हॅलेन्सियात शेवटची शर्यत धावला आणि दहावा आला. तेव्हापासून आपल्या वाचकपत्रांत ‘आजवरचा श्रेष्ठ मोटरसायकल रायडर कोण’ हा वाद रंगला आहे. निपाणीपासून खानापूरपर्यंत ज्यांच्या गाडीच्या टाकीवर रॉसीचा पिवळा ४६ नंबर चिकटवलेला आहे, त्यांची बाजू आधीच ठरलेली. समोर स्पेनच्या मार्क मार्केझचे चाहते. वाद लांबवण्याची सीमाभागाला सवय आहेच, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की दोन्हीकडचे लोक फक्त विजेतेपदे मोजत आहेत. २०२१अखेर रॉसीची ९, मार्केझची ८. मोजणीवरच निकाल द्यायचा तर इटलीचाच जाकोमो अगोस्तिनी १५ विजेतेपदे घेऊन १९७७ सालीच निवृत्त झाला. मग वाद कशाला?

अगोस्तिनीच्या त्या १५ मध्ये ५०० सीसीची ८ आणि ३५० सीसीची ७ आहेत. हे इंजिनाच्या आकारावरून पडणारे गट, आणि त्या काळी एकच रायडर एकाच दिवशी दोन गटांत उतरायचा. १९६८च्या हंगामाआधी होंडाने ग्रां प्रीतून, म्हणजे जागतिक विजेतेपदाच्या शर्यतींतून, अंग काढून घेतले आणि आपला रायडर माइक हेलवूडने दुसऱ्या कंपनीची गाडी चालवू नये म्हणून त्याला पैसेही दिले. त्या वर्षी अगोस्तिनीने ५०० सीसीच्या दहापैकी दहा आणि ३५० सीसीच्या सातपैकी सात शर्यती जिंकल्या. त्याच्या तीन सिलिंडरच्या एमव्ही अगुस्तासमोर बहुतेक खासगी रायडर होते आणि त्यांच्याखाली एका सिलिंडरच्या जुन्या नॉर्टन, मॅचलेस. याच अगोस्तिनीने १९७४ मध्ये यामाहाची टू-स्ट्रोक घेऊन अमेरिकेतली डेटोना २०० शर्यत जिंकली आणि १९७५ मध्ये ५०० सीसीत टू-स्ट्रोकला पहिले विजेतेपद मिळवून दिले. आमच्या लेखी या दोन गोष्टींचे वजन १९६८च्या सतरा विजयांपेक्षा जास्त आहे.

चिकोडीकडच्या बैलगाडी शर्यतीत जिंकणाऱ्या गाडीत बैलांचे किती आणि हाकणाऱ्याचे किती, हे जाणकार आधी विचारतात. मोटरसायकलीत याचे उत्तर काढायची सोय आहे, कारण त्याच कंपनीची गाडी दुसराही कोणी चालवत असतो. त्याचे गुण शेजारी मांडून पाहावेत.

२००७ मध्ये डुकाटीवर केसी स्टोनर ३६७ गुण, त्याच संघाचा लोरिस कापिरोसी १६६. १९९७ मध्ये मिक डूहानने १५ पैकी १२ शर्यती जिंकून ३४० गुण मिळवले. होंडावरच दुसरा आलेला तादायुकी ओकादा १९७ वर होता. २०१९ मध्ये मार्केझचे ४२० आणि होंडावरचा त्याच्यानंतरचा रायडर कॅल क्रचलो १३३. त्या वर्षी संघाच्या विजेतेपदासाठीचे ४५८ गुण कुठून आले ते पाहा: मार्केझ ४२०, त्याचा साथीदार लोरेन्झो २८, बदली रायडर ब्राडल १०.

रॉसीच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे हेच माप लावावे लागते. २००२ मध्ये त्याने ११ शर्यती जिंकल्या खऱ्या. पण ते ५०० सीसी गटाच्या जागी आलेल्या मोटोजीपीचे, म्हणजे ९९० सीसी फोर-स्ट्रोकचे, पहिले वर्ष होते आणि होंडाची पाच सिलिंडरची आरसी२११व्ही सुरुवातीला फक्त रॉसी आणि तोहरू उकावा यांच्याकडे होती. बाकीचे होंडावाले ५०० सीसी टू-स्ट्रोकवरच. हंगामाच्या शेवटी तीच गाडी अलेक्स बारोसला दिली, तर पहिल्याच शर्यतीत, मोतेगीला, त्याने रॉसीला हरवले. म्हणजे २००२च्या विजेतेपदात गाडीचा वाटा मोठा होता. शिवाय २०००पासून त्याच्या गाडीवर काम करणारा मुख्य मेकॅनिक जेरेमी बर्जेस डूहानच्या हाताखालून आलेला होता. हा वारसा कुणाला सहज मिळत नाही.

आता २००४. आदल्या वर्षी यामाहाने एकही शर्यत जिंकली नव्हती. वर्षभरात पहिल्या तिनात एकदाच, बारोस ल मान्सला तिसरा. होंडा सोडून रॉसी या गाडीवर आला आणि १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला पहिलीच शर्यत मॅक्स बियाजीला मागे ठेवून जिंकला. वर्षाअखेर रॉसी ३०४, यामाहावरचा पुढचा रायडर कार्लोस चेका ११७.

हे कसे घडले ते उद्यमबागेत क्रँक ग्राइंडिंग करणाऱ्यांना लगेच उमजेल. चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या नेहमीच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या, पिना १८० अंशांवर असतात, दोन वर तर दोन खाली. चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी सुसाट धावतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात क्रँकला दोनदा झटका बसतो, आणि मिनिटाला १५ हजारांच्या आसपास फेरे झाले की हा पिस्टनच्या वजनाचा झटका पेट्रोलच्या जोरावर मात करतो. मागचा टायर किती पकडतो आहे ते रायडरच्या मुठीला कळेनासे होते. यामाहाचे इंजिनिअर मासाओ फुरुसावा यांनी पिना ९० अंशांवर बसवल्या. दोन पिस्टन थांबलेले असताना बाकीचे दोन वेगात असतात, आणि झटके बरेचसे एकमेकांत जिरतात. त्याची किंमतही मोजावी लागते. फायरिंग समान अंतराने होत नाही. २७०, १८०, ९०, १८० अंश असा वेडावाकडा क्रम पडतो. असा क्रँक घडवायलाही कठीण, कारण पिना एका पातळीत नसतात.

फुरुसावांनी चार प्रकारची इंजिने चाचणीला आणली होती: चार व्हॉल्व्ह आणि पाच व्हॉल्व्ह, दोन्हींत सरळ आणि ९० अंशांचा असे दोन क्रँक. रॉसीने चार व्हॉल्व्ह आणि ९० अंश हे निवडले. मुठीला काय जाणवते ते इंजिनिअरला समजेल अशा शब्दांत सांगता येणे, हा गुण विजेतेपदांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

मग २०११-१२ मध्ये रॉसीने चालवलेली डुकाटी? रॉसीभक्त ही दोन वर्षे गिळून टाकतात. स्टोनरने २०१० मध्ये डुकाटीवर तीन शर्यती जिंकल्या. रॉसीने दोन हंगामांत एकही नाही, पहिल्या तिनात फक्त तीनदा. कारणे होती. ९० अंशांचे व्ही इंजिन लांबीला जास्त जागा खाते आणि पुढच्या चाकावर पुरेसे वजन येत नाही. वळणात शिरताना पुढचा टायर काही सांगतच नाही, गाडी बाहेर ओढते. कार्बन फायबरची फ्रेम जाऊन अॅल्युमिनियमची आली, तरी दुखणे गेले नाही. मात्र स्टोनर त्याच दुखण्यासकट जिंकत होता. म्हणजे गाडी सुधारून घेण्यात रॉसी अव्वल, आणि बिघडलेली गाडी तशीच पळवण्यात स्टोनर त्याच्या पुढे. हे मान्य करायला हरकत नसावी.

या मापातही एक खोट आहे, तीही सांगायला हवी. २०१९ची होंडा सात वर्षे मार्केझच्या सवयीप्रमाणे घडत गेली होती. पुढचा टायर सुटू लागला की कोपर टेकून गाडी सावरायची, ही त्याची रीत. बाकीचे त्याच जागी पडायचे. लोरेन्झोचे तर मणकेही मोडले. त्यामुळे ४२० आणि १३३ यांतले सगळेच अंतर कौशल्याचे नाही. वेल्कमला रॉसीच्या हाती असलेली गाडी मात्र काही महिन्यांपूर्वीपर्यंत दुसऱ्यांची होती. एक हंगाम निवडायचा झाला तर आम्ही २००४ निवडू.

आणि एक रायडर निवडायचा तर रॉसीच, पण ९ या आकड्यासाठी नाही. १२५, २५०, ५०० आणि मोटोजीपी या चारही गटांत विजेतेपद घेणारा तो एकमेव. पहिला विजय १९९६ मध्ये ब्रनोला, शेवटचा २०१७ मध्ये आसेनला. या काळात टू-स्ट्रोक गेले, इंजिन ९९०चे ८०० आणि पुढे १००० सीसी झाले, टायरचा ठेका एका कंपनीकडे गेला, सगळ्यांना एकच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आले. दर वेळी त्याला ब्रेक मारण्याची पद्धत नव्याने शिकावी लागली. हेलवूडचे नाव घेणाऱ्यांशी मात्र आम्ही भांडणार नाही. ११ वर्षांनी आइल ऑफ मॅनच्या रस्त्यावरच्या शर्यतीला परतून, ३८व्या वर्षी, १९७८ मध्ये डुकाटीवर जिंकणे कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

जाता जाता चोर्ला घाटातल्या पोरांसाठी. ब्रेक मारताना रॉसीसारखा उजवा पाय खाली सोडलात की मागचा ब्रेक गेला. त्याचे टायर शर्यतीआधी विजेच्या ब्लँकेटमध्ये ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेले असायचे. तुमचे सकाळी चोर्ल्याला थंडगार असतात.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. २०२२च्या हंगामात मैदानात आठ डुकाटी होत्या, त्यात रॉसीच्या स्वतःच्या संघाच्याही. काही नव्या वर्षाच्या, काही मागच्या वर्षाच्या. गुणतक्ता छापताना रायडरच्या नावापुढे गाडी आणि तिचे साल, एवढे दोन रकाने वाढवावेत.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या धंद्यातील काही वाचक
उद्यमबाग, बेळगाव