तार तुटली की काय करायचं

सोलापूर,
बुधवार, रात्री साडेदहा

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. "थांब, आईला देतो" एवढंच तोंडातून निघतं. म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला लागतं.

काल तू तिच्याशी बोलत होतीस ते मी आतून ऐकत होतो. कीबोर्डवाला नोकरीसाठी बंगळूरला गेला, दुसरा कोणी मिळाला नाही आणि शनिवारी हुतात्मा स्मृती मंदिरात तुमच्या बँडच्या कार्यक्रमाला तुम्ही चौघंच. गाणारा, बेस, ड्रम आणि गिटारवर तू. "सगळं माझ्यावर आलंय" असं तू तीन वेळा म्हणालीस. तिसऱ्या वेळी आवाज बारीक झाला होता.

मला गिटारमधलं कळत नाही. पण बारा वर्षं दिवसा जेकार्ड मागावर चादरी आणि लग्नसराईत रात्री बेंजो, असं मी काढलेलं आहे. आमच्या पार्टीत ताशा, ड्रम, झांज, खुळखुळे आणि सूर काढणारा मी एकटा. गाणारासुद्धा नाही. म्हणजे गाण्याचे शब्दही मीच, मधली बासरीही मीच आणि मुंबईच्या स्टुडिओत तीसचाळीस व्हायोलिनवाल्यांनी मिळून वाजवलेलं म्युझिकही मीच. तू लहानपणी त्याला अप्पांचा टाइपरायटर म्हणायचीस. दिसतोच तसा, डाव्या हाताखाली चाव्या आणि उजव्या हातात नखी. मूळ वाद्य जपानचं, 1912 च्या सुमारास नागोयात निघालेलं ताइशोगोतो. तिकडून आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि मग आपल्या लोकांनी त्याला आवाज मोठा करायला पिकअप लावून गाड्यावर चढवलं. ते असो.

पहिल्या वर्षी मी सगळं वाजवायला बघायचो. व्हायोलिनची खालची ओळ, वरची ओळ, मधला सतारीचा तुकडा, काही सोडायचं नाही. हात दमायचे आणि वरातीतल्या पोरांना गाणं ओळखू यायचं नाही. मग एकदा नवरदेवाच्या मामानं जवळ येऊन मी वाजवत होतो तेच म्युझिक तोंडानं म्हणून दाखवलं, "हे वाजवा की!" मामानं म्हटलं त्यात सात-आठच सूर होते. तेव्हापासून मी नवं गाणं बसवताना आधी तुझ्या आईला ते गुणगुणायला लावायचो. ती जे गुणगुणेल तेवढंच वाजवायचं. तूही कीबोर्डचं सगळं गिटारवर उतरवत बसू नकोस. बँडबाहेरच्या कोणाला तरी ते गाणं म्हणायला लाव आणि त्याच्या तोंडून जे येईल तेवढं घे.

दुसरी गोष्ट पोकळपणाची. तू सोलोला गेलीस की मागचे कॉर्ड बंद पडतात, कारण ते वाजवणारीही तूच. दिवाळीत वरच्या खोलीत तुमची प्रॅक्टिस चालली होती तेव्हा मला खाली ते ऐकू यायचं. सोलो लागला की कोणीतरी खोलीतलं कपाट बाहेर काढल्यासारखं वाटायचं. बेंजोला ही अडचण नाही. त्यात चावीच्या तारांशेजारी सुराच्या तारा असतात, त्या खाली घुमत राहतात. तुझ्या गिटारला त्या नाहीत, पण खालच्या दोन जाड तारा मोकळ्या सोडता येतात. गाणाऱ्याला पांढरी तीन किंवा पांढरी सहा चालत असेल, म्हणजे तुमचं ई किंवा ए, तर सोलो त्या पट्टीत बसव आणि खालची तार अधूनमधून वाजती ठेव. जिथं एक सूर पुरतो तिथं दोन तारा मिळून वाजव. आणि बाकीचं त्या दोघांना करू दे. तू मला जिमी हेंड्रिक्सचे व्हिडिओ दाखवलेस, तिघांचाच बँड. तू त्याच्या बोटांकडे बघत होतीस, मी मागच्या ड्रमवाल्याकडे. हेंड्रिक्स सोलोला गेला की तो माणूस भरून टाकतो सगळं. तुमचा ड्रमवाला सोलोला हात आखडता घेतो, तुला जागा द्यायची म्हणून. चांगला मुलगा आहे, पण त्याला सांग, उलट कर.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

1994 चा मे महिना. कन्ना चौकातून वरात निघाली होती, रात्रीचे साडेदहा-अकरा. (रात्री दहाला बंद हा नियम 2000 सालचा, तेव्हा कोणी विचारत नव्हतं.) दिवसा पारा बेचाळीसवर गेलेला, रात्री रस्ता अजून गरम, त्यात गाड्यावरचे हॅलोजन माझ्या डोक्यावर. गाणं ऐन रंगात, पोरं नाचतायत आणि मुख्य तार तुटली. तुटताना फार आवाज होत नाही गं. बोटाखाली एकदम काही लागत नाही, एवढंच. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि नसावी, तसं.

मी थांबलो. मी थांबलो म्हणून ताशा थांबला, ताशा थांबला म्हणून ड्रम. सगळी पार्टी माझ्याकडे बघतेय आणि नाचणारी पोरं हात वर करून उभी. जनरेटरचा आवाज तेवढा. ताशावाला हळूच म्हणाला, "का बे, थांबलास?" मी तार शोधतोय. तारांची पुडी खिशात नव्हती, पेटीत होती आणि पेटी टेम्पोत, टेम्पो मागं. घोड्यावरचा नवरदेव वळून बघतोय. पाच मिनिटं गेली असतील, मला ती अजून मोजता येतात. शेवटी नवरीच्या काकांनी पैशातले दोनशे कापले. त्यांचं चुकलं नाही.

घरी आलो तर तुझी आजी जागी होती, मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली. मी सगळं सांगितलं. तिनं चरखा काही थांबवला नाही. म्हणाली, "मागावरची कांडी संपल्यावर कोणी भरायला बसतं का?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बसवलं. ठरलं असं की मी डावा हात वर केला की ताशानं पुढं यायचं, ड्रमनं ठेका धरायचा, झांजवाल्यानं पोरांच्या घोळक्यात शिरायचं आणि मी परत मान हलवेपर्यंत कोणी माझ्याकडे बघायचं नाही. आठवडाभर तशी प्रॅक्टिस केली, मी मुद्दाम मधेच हात वर करायचो. पुढं तारा तुटल्या, एकदा बेंजोची वायरच कोणाच्या तरी पायात आली, पण वरात थांबली नाही. एक गंमत सांगतो. त्या ताशाला लोक इतके नाचायचे की नंतर नंतर तार शाबूत असतानाही मी हात वर करायला लागलो.

तर तुला विचारायचं ते हे, की शनिवारी तू थांबलीस तर काय होईल, हे तुमच्यात ठरलंय का? सोलो कसा वाजवायचा याची तू महिनाभर तयारी केली असशील. पण तार तुटली, पेडलचा सेल गेला, जॅक निघाला, तर ते तिघं तुझ्याकडे बघत बसणार का? उद्या आणि परवा दोन दिवस आहेत. प्रॅक्टिसमध्ये न सांगता मधेच हात काढून घे आणि बघ काय होतं ते. बेसवाल्याकडे एखादा तुकडा हवा, आठ आवर्तनं तो एकटा चालवेल असा. गाणाऱ्यानं लोकांना टाळ्या धरायला लावाव्यात, त्याला ते येतं, गणपतीत बघितलंय मी. दुसरी गिटार मिळाली तर सुरात लावून हाताशी उभी ठेव, पेटीत बंद नको.

तारांचं आणखी एक. ग्रीनरूम थंड, स्टेज दिव्यांनी गरम. आत लावलेलं वाद्य बाहेर उतरतं. बाहेर येऊन, दिवे अंगावर घेऊन, पुन्हा लाव. लोक थांबतात तेवढं. आणि पहिलं गाणं असं घे ज्याची सुरुवात ड्रमनं होते, तुझी बोटं तोवर गरम होतील.

आवाजाचं साउंडवाल्याला आधीच सांग, कुठल्या गाण्यात कुठं सोलो आहे ते कागदावर लिहून दे. तू घरी वाजवतेस तेव्हा मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, पार खाली असतो. एकटीला गोड लागतं ते. झांजा आणि बेस आले की तेच गिटार कुठं जातं कळत नाही. मिड वर घे, घरी कर्कश वाटलं तरी. आणि शब्द चालू असताना गाणाऱ्याच्या अंगावरून वाजवू नकोस. मी एकदा एका गणपती मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बसलो होतो, गाणारी बाई कार्यक्रमानंतर म्हणाली, "तुमचा बेंजो माझ्या आधीच गाऊन मोकळा होतो." एकटं वाजवायची सवय, दुसरं काय.

स्टेजवर चढताना नमस्कार कर. जागा त्या चौघा हुतात्म्यांच्या नावाची आहे, 1931 साली येरवड्यात फासावर गेलेल्यांच्या.

आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवायची ठरवलंय, चौघांची. बेसवाल्याला तिखट चालत नाही म्हणे, त्याला दही देऊ.

साउंडचेकला मी येतो. पुढं बसणार नाही, शेवटच्या रांगेमागं उभा राहीन, स्टेजवर तुम्हाला तिथलं काही कळत नाही. उजवा हात वर केला तर तू ऐकू येत नाहीस. डावा केला तर गाणारा बुडतोय. दोन्ही केले तर चहा आलाय.

तुझा,
अप्पा