ब्रॉयगलचं पुस्तक पाठवते आहे

व्हिएन्ना,
6 जून

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

पार्सल आज टपालात टाकलं. वजन साडेतीन किलो, तेव्हा दादाला वाटेल आत भांडीच आहेत. आत एकच पुस्तक आहे, सोळाव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगलच्या चित्रांचं. मजकूर जर्मन आहे. तुला जर्मन येत नाही म्हणूनच ते घेतलं. इंग्रजी असतं तर तू आधी लेख वाचला असतास आणि मग चित्रात लेखात सांगितलेलं तेवढंच दिसलं असतं.

आल्या आल्या मधूनच उघडू नकोस. कणा मोडतो तो तिथंच. कणा टेबलावर टेकव, आधी दोन्ही पुठ्ठे आडवे कर, मग पुढची आठ-दहा पानं, मग मागची आठ-दहा, असं करत मध्यापर्यंत ये आणि दरवेळी शिवणीजवळ बोट हलकेच फिरव. हे धाग्यानं शिवलेलं आहे. कण्याच्या वरच्या टोकाला पाहिलंस तर फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे, वेगवेगळे दिसतील. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या जाड पुस्तकांची पानं पुष्कळदा लवकर हातात येतात, पुढे तू विकत घेशील तेव्हा हे आधी बघ. वाचताना मांडीवर नको. टेबलावर ठेव आणि उचललेल्या पुठ्ठ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकव.

आणि रात्री दिव्याखाली पाहू नकोस. पिवळ्या उजेडात निळे-हिरवे रंग मरतात आणि ब्रॉयगलच्या हिवाळ्यात तर तेच आहेत. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी बस, थेट ऊन टाळून.

सुरुवात 'बर्फातले शिकारी' या चित्रापासून कर. 1565 सालचं आहे आणि इथल्या कलेतिहास संग्रहालयात आहे. ब्रॉयगलची बारा चित्रं एकट्या या संग्रहालयात आहेत, जगात इतकी दुसरीकडे कुठेच नाहीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि वीस मिनिटं लाव. पहिल्या तीन-चार मिनिटांत कंटाळा येईल. सगळं पाहून झालं असं वाटतं, ते खरं नसतं. जाड कागदाचे इंग्रजी एल अक्षरासारखे दोन तुकडे काप, ते एकमेकांवर सरकवून हवी तेवढी खिडकी करता येते. ती खिडकी डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टी खाली, अशी सरकवत जा. डावीकडे खानावळीची पाटी आहे, ती एकाच आकड्यावर लोंबकळते आहे. तिच्या खाली पेटवलेला जाळ. तिघा शिकाऱ्यांतल्या एकाच्या खांद्यावरच्या काठीला एकच कोल्हा आहे, बस. इतक्या कुत्र्यांनिशी एवढीच शिकार! कुत्र्यांच्या माना बघ म्हणजे दिवस कसा गेला ते कळतं. मग खाली उतर. उजवीकडे पाणचक्कीचं चाक गोठलेलं आहे, पुलावरून मोळी घेऊन एक बाई चालली आहे आणि खूप मागे एका घराच्या धुराड्याला आग लागली आहे, माणसं विझवायला धावली आहेत. ही आग पुस्तकात जेमतेम काही मिलिमीटरची असेल.

ती एवढीशी का, ते चित्राखालच्या ओळीत कळतं. 117 × 162 सेंटिमीटर, यात उंची आधी असते, रुंदी मग. पुस्तकात ते दोन पानांवर मिळून साधारण 40 सेंटिमीटर रुंद छापलं आहे, म्हणजे लांबी-रुंदी चौथाई आणि क्षेत्रफळ सोळावा हिस्सा. भिंतीवर सुतळी आणि चिकटपट्टीनं खरा आयत आखून बघ, समज एकदम बदलते. त्याच ओळीत 'आउसश्निट' दिसलं तर ते चित्राचा एक तुकडा मोठा करून छापलेला आहे, पूर्ण चित्र नव्हे. 'उम' म्हणजे सुमारे. 'होल्त्स' म्हणजे लाकूड. कॅनव्हास नाही, ओकच्या फळ्या जोडून त्यावर तैलरंग. एवढं जर्मन तुला पुरे.

पुस्तक कुठे फसवतं तेही सांगते. मधल्या शिवणीत पाचेक मिलिमीटर गेले, तर मूळ चित्राचे दोन सेंटिमीटर गेले, आणि टेकडीची उतरती कडा नेमकी तिथंच तुटते. आकाश मुळात हिरवट-राखी आहे, बरेच छापणारे ते निळं करून टाकतात. दहा पट भिंगातून पाहिलंस तर ब्रशचे फटकारे दिसणार नाहीत, चार शाईंचे ठिपके दिसतील: निळसर, गुलाबी, पिवळा, काळा. पांढरी शाई नसतेच. चित्रातला बर्फ सफेद्यानं रंगवलेला आहे, पुस्तकातला बर्फ म्हणजे विरळ ठिपक्यांमधून दिसणारा कोरा कागद. म्हणून रोजच्या पाहण्याला तीन पटीचं साधं भिंग बरं, त्यात ठिपके त्रास देत नाहीत.

आता साताऱ्याचा पाऊस. अशा पुस्तकांच्या गुळगुळीत कागदावर, आर्ट पेपरवर, चिकणमातीचा लेप असतो. तो ओला झाला आणि तसाच वाळला की पानांची वीट होते, मग ती सुटत नाही, ओढलीस तर चित्रच सोलून निघतं. भिजलंच तर वाळायच्या आत एकेक पान सुटं करून पंख्याखाली ठेव, उन्हात नाही. एरवी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नकोस आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, आतली ओल आतच राहते. इतकं जड पुस्तक उभं ठेवलं की पानं स्वतःच्या वजनानं खाली ओढली जातात, आडवंच असू दे. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेव, पानांत नको. वहिनीकडे असेलच. खुणेला चिकटणाऱ्या चिठ्ठ्या लावू नकोस, डिंक कागदावर उरतो. साध्या कागदाच्या पट्ट्या आणि पेन्सिल, टिपणं वेगळ्या वहीत.

सुट्टीत औंधला जा. पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात रवि वर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. एकाच चित्रासमोर थांब आणि त्याची छापील प्रत बरोबर ने. कुठला रंग छापताना सरकला ते तिथं उभं राहूनच कळतं. टॅक्सी दादा करून देईल, त्याला तसं लिहिते आहे.

पुस्तक पोचलं की कळव. कुत्री मोजून सांग. एकमेकांत गुंतलेली आहेत, मला कधी तेरा मिळतात, कधी चौदा.

दादा-वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या