सहीवाला जागेवर कधी येणार?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी काम करणारी वास्तुविशारद. इकडे लोक आमच्याकडे येतात ते ‘मॅडम, प्लॅन पास करून द्या’ म्हणत. घर कसं हवं, हे ते मिस्त्रीशी बोलून मोकळे झालेले असतात.

डिसेंबर 2020 मध्ये बहुतांश राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे एकसारखे नियम, आले. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर कागदपत्रं द्या, शुल्क भरा, पोच घ्या आणि कामाला लागा. 150 ते 300 पर्यंत दहा दिवसांत परवानगी. छोट्या माणसाचे हेलपाटे वाचावेत हा हेतू चांगलाच होता, आणि आम्ही त्याचं स्वागतही केलं. मात्र कार्यालयाने करायच्या तपासणीचा मोठा भार त्यामुळे आमच्या प्रमाणपत्रावर आला. नकाशा नियमात बसतो हे आम्ही सही करून लिहून द्यायचं, जोतं नकाशाप्रमाणे झालं हेही आम्हीच.

आता जागेवर काय होतं ते सांगते. नकाशात बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, दीड मीटर दाखवलेलं. आखणीच्या दिवशी मिस्त्री शेजाऱ्याच्या कंपाउंडपासून दोरी धरतो. मोजणीचा नकाशा मालकाच्या कपाटात. ते कंपाउंडच मुळात खऱ्या हद्दीवर नसतं, आणि कधी मालकच म्हणतो, ‘खोली जरा मोठी घ्या’. जोतं भरतं, स्लॅब पडतो. सही करणारा तिकडे फिरकलेलाच नसतो. ठरलेल्या रकमेत नकाशांचा सेट आणि सही विकणारे आमच्या व्यवसायात आहेत, हे लपवून काय उपयोग? पुढे कर्ज किंवा विक्रीच्या वेळी भोगवटा प्रमाणपत्राची (बांधकाम पूर्ण झाल्यावर वापरासाठी मिळणाऱ्या दाखल्याची) आठवण होते, तेव्हा कमी पडलेलं अंतर बाहेर येतं. मग अनधिकृत बांधकामाची नोटीस मालकाच्या नावाने निघते.

1972 च्या वास्तुविशारद कायद्याने आमचं ‘वास्तुविशारद’ हे नाव जपलं. पण वास्तुविशारदाचं काम इतरांना करायला त्या कायद्याने बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. परवानाधारक अभियंतेही सह्या करतातच. माझी त्याला हरकत नाही. सही कोणाचीही असो, माणूस जागेवर आला पाहिजे.

  

मागणी छोटी आहे. परवानगीच्या किंवा पोचपावतीच्या कागदावर सही करणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि त्याने कोणत्या टप्प्यांना जागेवर यायचं आहे, हे साध्या मराठीत ठळक छापा. आखणीला आणि जोत्याला त्याचा मालकासोबतचा, तारीख-स्थळाची नोंद असलेला फोटो ऑनलाइन चढवल्याशिवाय पुढचा टप्पा उघडू नका. फी थोडी वाढेल, मालक कुरकुरतील. उभी भिंत पाडायचा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो, हे त्यांना समजावायला आम्ही आहोत.

आपली,
एक नोंदणीकृत वास्तुविशारद