बाबा, पाळक अजून आलेले नाहीत

सोलापूर,
७ सप्टेंबर, रविवार रात्र

प्रिय आई-बाबांस,
प्रभूच्या नावाने सलाम.

बाबा, दर रविवारी दुपारी तुमचा फोन येतो आणि तुम्ही एकच विचारता, "आले का पाळकसाहेब?" मी "नाही" म्हणते. तुम्हाला ऐकू येत नाही. मी ओरडून "नाही" म्हणते, मग शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "काय झालं ओ?" म्हणून आज पत्र. आईकडून वाचून घेऊ नका, भिंग लावून तुम्ही स्वतःच वाचा. यात एक गोष्ट आहे, ती माझ्याच अक्षरात तुम्हाला कळावी असं वाटतं. आईला माहीत आहे. तिनं सांगितली नसणार, मला खात्री आहे.

तर आपल्या चर्चला नवे पाळक अजून आलेले नाहीत. आधीचे पाळकसाहेब ईस्टर करून एप्रिलअखेर निवृत्त झाले, सामान टेम्पोत भरलं, आम्ही सगळ्यांनी फाटकाशी प्रार्थना केली, आणि तेव्हापासून बंगल्याला कुलूप आहे. मे-जूनच्या बदल्यांत आपल्याला कोणी मिळालं नाही. विचारलं की उत्तर येतं, विषय विचाराधीन आहे. कोणी म्हणतं बंगल्याचं छत गळतंय म्हणून कोणी यायला तयार नाही, कोणी म्हणतं आपल्या कमिटीतली भांडणं वरपर्यंत पोचली आहेत. दोन्ही खरं असेल. छत गळतंय हे मी पाहिलंय, आणि भांडणं तर तुम्हीच वीस वर्षं मिटवत होता.

आजोबांची मला फार आठवण येते आजकाल. ते सांगायचे, अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या आपला पाळक आपणच ठरवायच्या. मंडळीनं बसायचं, प्रार्थना करायची आणि एखाद्याला बोलावणं धाडायचं. पुढे १९२४ साली त्या मंडळ्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या, मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सगळ्यांचं ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, बिशप आले, आणि पाळक पाठवला जाऊ लागला. आजोबांना ते कधी रुचलं नाही. तुमचं मत उलटं. तुम्ही म्हणायचा, मंडळीनं निवडलेला पाळक मंडळीच्या तोंडाकडे बघून बोलतो, पाठवलेला शास्त्राकडे बघून बोलतो. लहानपणी जेवताना तुमची दोघांची यावरून जुंपायची आणि आई भाकरी वाढता वाढता म्हणायची, आधी आहे त्याच्या घरी दूध पोचतंय का ते बघा. मी अजून तुमच्याच बाजूची आहे बाबा. पण पाठवणाऱ्यानं पाठवायला तर हवं ना?

रविवार चाललेत. महिन्यातून एकदा बाहेरगावचे प्रभारी साहेब येतात, त्या दिवशी प्रभुभोजन. बाकीचे रविवार पाळीपाळीनं. निवृत्त मास्तरांची पाळी असली की बायका घरून कुकर लावून येत नाहीत, कारण संदेश पन्नास मिनिटांखाली उतरत नाही. बँकेतले काका दहा मिनिटांत आटोपतात पण दरवेळी उधळ्या पुत्रावरच बोलतात. त्यांच्या धाकट्याला आता बाकावर बसवत नाही. मोठ्या बाकांवरची दोन-तीन कुटुंबं यायची बंद झाली. होटगी रोडकडे एका सभेत जातात म्हणे, तिथे गिटार आहे, ड्रम आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण लग्न-मयताला ते आपल्याकडेच येणार, हेही मला माहीत आहे.

घंटा आता कोण वाजवतं माहितीये? पांजरापोळ चौकाकडून येतो तो पोरगा, जो संदेशाच्या वेळी बाहेर मोटरसायकलवर बसून मोबाइल बघायचा. साहेब गेल्यावर पहिल्या रविवारी घंटाच झाली नाही. सगळे आत येऊन बसले आणि एकमेकांकडे बघत राहिले, सुरू झालं की नाही कळेना. हा उठला, बाहेर गेला आणि दोर ओढला. तेव्हापासून तो पावणेनऊला हजर. काल विसर्जन होतं, रात्री उशिरापर्यंत लेझीम खेळून आला होता, डोळे तांबडे, तरी आज घंटा वेळेवर. संडे स्कूलची निम्मी पोरं मात्र बाकावर झोपली होती. त्यांच्या मंडळाचा नंबर येईल म्हणतात, त्यामुळे आज त्यांना कोणी रागावलं नाही.

अर्पणाला आता क्यूआर कोडही लावलाय. तुम्ही खजिनदार असताना नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी लावून दोघांच्या सह्या घ्यायचा, त्यामुळे तुम्हाला हे आवडणार नाही. मलाही नाही आवडलं. पण आई, तुझ्या मरून मखमलीच्या थैल्या अजून फिरतात. एकीचं अस्तर उसवलंय, नाणं टाकलं की ते अस्तर आणि मखमलीच्या मध्ये जाऊन बसतं आणि मोजताना दोन रुपये कमी भरतात. मग कमिटीत चर्चा. मी म्हटलं, आई सुई-दोरा सांगेल तसं करते, पण अजून हात लावला नाही. तुझे टाके तोडावेसे वाटेनात.

लग्नही एक झालं जूनमध्ये. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आपल्यातलं लग्न अधिकार असलेल्यानंच लावायचं, आणि बाबा, तुमचं ते आवडतं कलम, सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत. साडेपाचचं लग्न. प्रभारी साहेबांची एसटी पाकणीजवळ पंक्चर. नवरा मुलगा कोटात घामानं निथळतोय, नवरीची मेंदी वाळून पडायला लागली, गायन मंडळानं सहावं गीत संपवून पहिलं पुन्हा धरलं. सहा पस्तीसला साहेब कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले, झगा पिशवीत. सही सात वाजायला सहा मिनिटं कमी असताना झाली. घड्याळ मीच बघत होते. तुमची मुलगी आहे ना.

लोक म्हणतात पाळक नाही म्हणून संदेश नाही. मला तसं वाटत नाही. संदेश मोबाइलवर हवे तेवढे आहेत. नाही आहे ते दारावर वाजणारं बोट. साहेब फार मोठे वक्ते नव्हते, पण सिव्हिलमध्ये कोणी दाखल झालं की दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन हजर. ते गेल्यावर दोन महिन्यांत तीन माणसं दवाखान्यात जाऊन परत आली आणि आम्हाला रविवारी कळलं. मग स्त्री मंडळानं वही घातली. दोघी-दोघींच्या जोड्या, मंगळवार आणि शुक्रवार. पाणी चार दिवसांआड येतं, त्यामुळे पाण्याचा वार सोडून वार ठरवायला एक अख्खी बैठक लागली! माझी जोडी कुणाशी? तुमच्याशी अर्पणाच्या हिशेबावरून बोलणं टाकलेल्या मामींशी. आम्ही दोघी रिक्षात बसतो, त्या एक शब्द बोलत नाहीत, आणि आजाऱ्याच्या खाटेशी बसल्या की अर्धा तास प्रार्थना करतात, त्यात तुमचंही नाव घेतात.

आता मे महिन्याचं सांगते.

आपल्या तेलुगू आजी गेल्या. फोनवर आईला एवढंच सांगितलं होतं. नवरा गिरणीत होता तेव्हापासून त्या आपल्या मराठी उपासनेत मागच्या बाकावर बसायच्या, गीत मराठीत चालू असलं तरी ओठ तेलुगूत. पहाटे गेल्या. पारा चव्वेचाळीसला. बर्फाच्या लाद्या आणल्या त्या दहापर्यंत निम्म्या वितळल्या. प्रभारी साहेबांचा फोन लागेना. दफनभूमीत पहार घातली की खणकन मुरमावर वाजत होती. खणणारे म्हणाले, चारशिवाय होणार नाही. आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, विधी कोण करणार? पाळक नसताना मयत उचलायचं तरी कसं? मास्तर म्हणाले, मला घरातलं जमेल, कबरेवरचं नाही. बँकेतले काका गावाला. शेवटी सेक्रेटरीकाका उठले. त्यांना शुगर, दोन वेळा बायपासला नाही म्हटलेला माणूस.

पुस्तक शोधायला मी देवळातलं कपाट उघडलं. उपासनाक्रमाच्या जुन्या प्रती होत्या, त्यातली एक तुमची. तुम्ही कधी कधी जुन्या साहेबांच्या शेजारी उभे राहून उत्तरं म्हणायचा ना, त्या वेळची. दफनविधीच्या पानावर कडेला तुमची बारीक पेन्सिल. एके ठिकाणी "सावकाश". एके ठिकाणी "नाव विचारून घेणे". आणि मातीला माती म्हणतात त्या ओळीसमोर, "थांबा. घरच्यांना टाकू द्या."

चार वाजता कबरेवर सेक्रेटरीकाका वाचायला लागले ते थांबेचनात. हात थरथरतोय, घाम पानावर टपकतोय, आपला धडाधडा वाचत सुटलेले. ती ओळ आली, ओलांडून पुढे गेले. आजींच्या मुली मुठीत माती घेऊन उभ्या, त्यांना कळेना कधी टाकायची. मी काकांचं कोपर धरलं आणि पानावर बोट ठेवलं. ते थांबले. किती वेळ कोण जाणे. मुलींनी माती टाकली, मग नातवंडांनी, मग थोरलीनं हळूच तेलुगूत एक गीत सुरू केलं, आम्हाला एक शब्द कळत नव्हता आणि चाल सगळ्यांना पाठ होती. सगळे मराठीत म्हणायला लागले. घरी आल्यावर मी पहिल्यांदा रडले, आजींसाठी की त्या पेन्सिलीसाठी, ठाऊक नाही.

बाबा, आता ती गोष्ट. जुलैच्या दुसऱ्या रविवारी पुलपिटावरून संदेश मी दिला.

मला माहीत आहे तुमचं म्हणणं. बाईनं वाचावं, गावं, संडे स्कूल घ्यावं, संदेश पुरुषानं द्यावा. मी दहावीत असताना शिकाऊ पाळक बाई आल्या होत्या तेव्हा तुम्ही सबंध वेळ खाली बघत बसला होता, ते मी पाहिलंय. आपल्या चर्चमध्ये बायकांना पाळकपदाची दीक्षाही मिळते, तरी तुम्ही खाली बघितलंत. मी नकोच म्हटलं होतं. सेक्रेटरीकाका म्हणाले, "त्या दिवशी कोपर धरलीस की, आता पुलपिट धर." आणि लगेच करिंथकरांचं पत्र काढू नका, बायकांनी मंडळीत गप्प राहावं ते. पुण्याला जाताना केडगाव स्टेशन आलं की तुम्ही खिडकीतून आम्हाला दाखवायचा, इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्र मराठीत आणलं. त्यांनी आणलेलं शास्त्र बायकांनी मोठ्यानं वाचलं तर चालतं आणि त्यावर दोन वाक्यं बोललं तर नाही, हे मला लहानपणीही कळलं नव्हतं.

बारा मिनिटं बोलले. माइक एकदा किंचाळला. विषय काढला टबीथाचा, प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. आपण नेहमी पेत्रानं तिला मरणातून उठवलं तिथेच पोचतो. मी म्हटलं, पेत्र तेव्हा तिच्या यापो गावात नव्हताच, लोद गावाला होता. दोन माणसं त्याला आणायला गेली. ती परत येईपर्यंत मंडळीनं काय केलं? तिला आंघोळ घातली, माडीवर ठेवलं, आणि विधवा बायका तिनं शिवलेले कपडे हातात घेऊन उभ्या राहिल्या. कापडाच्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या बाकांवर निम्म्या घरांत कोणी ना कोणी चादरीच्या नाहीतर टॉवेलच्या मागावर काढलेलं आयुष्य आहे. आजींच्या थोरलीनं पदर डोळ्याला लावला. मास्तर बाहेर आल्यावर म्हणाले, "छोटा होता." बास, एवढंच.

तेव्हापासून माझं नाव पाळीत आहे. परत २१ तारखेला. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय घेतेय, तेही पत्रच आहे, घरापासून लांब पडलेल्यांना लिहिलेलं: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. एवढ्या लवकर सुटका नाही असं त्यांना स्पष्ट सांगणारा यिर्मया मला आवडतो. विचाराधीन आहे असं लिहीत नाही.

दादाचा मित्र गुरुवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतोय, त्याच्याकडे शेंगा चटणी आणि कडक भाकरी देते. आई, चटणी बाबांना दिवसाला एकच चमचा, डॉक्टरांनी सांगितलंय. थैलीच्या अस्तराला कोणतं कापड घेऊ ते मात्र कळव.

बाबा, संदेश मी कागदावर लिहून काढलाय, त्याच पिशवीत ठेवते. रागावला असाल तर रागवा. पण वाचा, आणि पेन्सिलीनं खुणा करून शनिवारच्या आत परत धाडा. शब्द बदलू नका. फक्त कुठे थांबायचं तेवढं सांगा.

तुमची,
बेबी