अंगठा सरळ झाला, त्यामागचे हात

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड मी ११ वर्षं रुंद बुटांत लपवलं. शेवटी छोट्या छेदांतून होणारी शस्त्रक्रिया करून घेतली: जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरचे छेद, एक्स-रेच्या पडद्यावर बघत हाड कापायचं, सरकवायचं आणि स्क्रूने धरून ठेवायचं. डॉक्टरांचे आभार समोरच मानले. हे बाकीच्यांसाठी, ज्यांची नावं विचारायची राहून गेली.

फक्त पाय बधिर केला होता, त्यामुळे हाड कापणाऱ्या यंत्राची घरघर स्पष्ट ऐकू येत होती, अगदी दातांच्या डॉक्टरकडची! हाड तापू नये म्हणून वर पाणी सोडतात, हे उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरनी सांगितलं आणि शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही. घरी निघताना कडक तळाच्या बुटाचा पट्टा तीनदा सोडून पुन्हा बांधून दाखवणारे वॉर्डातले मामा. आणि फिजिओथेरपीच्या ताई! ६ आठवड्यांनीही सूज बघून मी रडकुंडीला आले, तेव्हा त्यांनी ठणकावलं, "छेद लहान असला तरी हाड कापलंय ना? सूज काही महिने राहणारच." अंगठा वाकवायला लावला तो लावलाच, माझी बोलणी खात.

परवा मोजा घातला, तर अंगठा शेजारच्या बोटावर चढला नाही. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.