दसऱ्याला गाडी जरूर धुवा, पण कोरडं फडकं मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा आलाय, म्हणजे आता इंदूरच्या कॉलन्यांमधे सकाळी सकाळी पाइप सुरू होणार. नर्मदाकाठच्या जलूदहून, म्हणजे साधारण 70 किलोमीटर लांबून, पंपांनी वर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी गटारात जातं हे वाईट आहेच, बेंगळुरूत 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर 5000 रुपये दंड लावला होता. पण मला आज बोलायचंय ते गाडीच्या रंगाबद्दल, कारण तो लोक हौसेनं, रोज थोडा थोडा खराब करताहेत आणि कुणी त्यांना सांगत नाहीये.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते रोजचं कोरडं फडकं. रात्रभर गाडीवर माळव्याची माती, बांधकामाची रेती, मेट्रोच्या कामाची धूळ बसते आणि सकाळी आपण तीच धूळ फडक्याखाली धरून बोनेटवर गोल गोल फिरवतो. गाडी पुसायला येणारे दादा अर्ध्या बादलीत पाच-सहा गाड्या करतात, त्यांचा दोष नाही, तेवढ्या पैशात आणि तेवढ्या वेळात ते तरी काय करणार. काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी करून बघा, सूर्याची चकाकी पडते तिच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. आताच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 40-50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ, आणि चमक काय नि उन्हापासून बचाव काय, सगळं त्याच्यावरच आहे.

म्हणून आधी पाणी, मग हात. सावलीत, बोनेट गार झाल्यावर, मगानं वरून पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचं फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत. छतापासून सुरुवात करायची, खालचा चिखलाचा भाग शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळंच ठेवायचं. तीन-चार बादल्यांत गाडी होते. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका, त्यानं आधीचं वॅक्स, म्हणजे रंगावर लावलेला मेणाचा थर, निघून जातं. आणि बोरिंगचं पाणी असेल तर गाडी वाऱ्यावर सुकू देऊ नका, आपल्याकडचं पाणी जड आहे, पांढरे डाग पडतात आणि उन्हात भाजले की साबणानं निघत नाहीत, लगेच टिपून घ्या.

पॉलिश आणि वॅक्स एकच समजतात लोक, दुकानदारसुद्धा डबा पुढे करताना फरक सांगत नाही. पॉलिशमधे बारीक घासणारे कण असतात, ते क्लिअर कोट थोडा खरवडूनच रेघा घालवतं, त्यामुळे ते गरज असेल तेव्हाच, फार तर वर्षातून एकदा. वॅक्स मात्र वरून बसतं आणि संरक्षण देतं. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, ते आपल्या उन्हात दोन-तीन महिने टिकलं तरी खूप. धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून हळूच फिरवा, खरखरीत लागलं तर आधी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवायला हवी, नाहीतर वॅक्स घाणीवरच बसतं. मग बोटाएवढं वॅक्स स्पंजवर घेऊन एका वेळी एकच दार, अगदी पातळ थर, धुरकट झालं की बोट फिरवून बघायचं, बोटाखाली स्वच्छ चमक दिसली की स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसायचं. जाड थापलं म्हणून जास्त टिकत नाही, उलट पुसताना हात मोडतात. बंपरच्या काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, तिथे पांढरट डाग राहतात.

आणि डिझेलचं फडकं मारून गाडी चमकवायची जी पद्धत आहे ना, ती कृपा करून बंद करा, तासाभराची चमक असते, मग त्याच तेलकटपणावर दुप्पट धूळ चिकटते आणि दारांची रबरंही खराब होतात.

वॅक्स केलेल्या गाडीवर धूळ सहज सुटते, रोज पुसायची गरजच राहत नाही. गाडी पुसणाऱ्या दादांना पैसे तेवढेच द्या, पण सांगा की रोज फक्त काचा आणि आठवड्यातून एकदा नीट धुणं, त्यांचीही मेहनत कमी होईल. कबुतराची किंवा कावळ्याची घाण मात्र आठवड्यावर टाकू नका, उन्हात ती काही तासांत रंगाला खाते, ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मऊ झाली की उचलायची, घासायची नाही.

दसऱ्याला बोनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढतो आपण, आमच्या घरीही काढतात आणि काढायलाच हवं. फक्त आधी वॅक्स करून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी ते पाण्यानं सोडवून घ्या, महिनाभर उन्हात ठेवू नका, हळदीचा डाग पांढऱ्या गाडीवरून सहजी जात नाही. झेंडूच्या हाराची तार रंगाला लागणार नाही एवढंही बघा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर